होडीला इंजिन बसवताना



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, "सोलापूर जिल्हा आणि होडी? इथे प्यायला पाणी मिळताना मारामार, आणि हे होडीच्या गोष्टी कसल्या सांगतात?" शंका रास्त आहे. आपला जिल्हा ज्वारीचा, हुरड्याचा, जिराईत रानाचा. पण याच जिल्ह्याच्या अंगाला भीमा वाहते. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात, आणि तिथे होड्या चालवणाऱ्या कोळी बांधवांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना पाण्यावर नेत आली आहेत. पुढे माढा तालुक्यात उजनीजवळ धरण झाले. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, १९८० साली ते पुरे झाले, आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांच्या मधोमध एक समुद्रच तयार झाला म्हणा ना. यशवंतसागर त्याचे नाव. पाणी आले, ऊस आला, मासळी आली. पण जुने रस्ते पाण्याखाली गेले. पूर्वी ज्या गावाला बैलगाडीने सहज जाता येई, ते गाव समोरच्या काठावर दिसते, पण रस्त्याने जायचे तर भला मोठा वळसा. म्हणून होडी. मासे धरायलाही होडी, आणि पैलतीरावर लग्नाला, दवाखान्यात, बाजाराला जायलाही होडी.

आता होडी आली की वल्हे आले, आणि वल्हे आले की खांदे भरून येणे आले. मग माणसाच्या मनात येते, "आपल्या होडीला एक लहानसे इंजिन बसवले तर?" विचार वाईट नाही. पण इंजिन बसवणे म्हणजे नुसते टांगणे नव्हे. वल्ह्यासाठी बांधलेली होडी आणि इंजिनासाठी बांधलेली होडी यांत फरक असतो. तो फरक कोणता, आणि आहे त्या होडीत काय बदल करावेत, एवढेच आज सांगायचे आहे. गुरुजनांना विनंती अशी की यातली गणिते फळ्यावर मांडण्याजोगी आहेत, तेवढी टिपून घ्यावीत.

प्रथम इंजिनाची ओळख करून घेऊ. होडीच्या मागे बाहेरून टांगायचे हे जे इंजिन, त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. वर इंजिनाचे डोके, मधे उभा दांडा, आणि खाली पाण्यात पंखा. हातातली मूठ डावी-उजवी केली की अख्खे इंजिनच वळते, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ओल एव्हिनरूड नावाचा मूळचा नॉर्वेचा कारागीर होता. त्याने १९०९ साली असे इंजिन बाजारात आणले. ते दीड अश्वशक्तीचे होते, आणि वजन होते ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. आज दोन अश्वशक्तीचे इंजिन १२ ते १५ किलोत मिळते. आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या दहा वर्षांत हजारो वल्ह्यांच्या होड्यांना अशी इंजिने लागली. मच्छिमार दूरवर जाऊ लागले, हे खरे. पण तेलाचा खर्च आणि कर्जाचे हप्तेही होडीत येऊन बसले, हेही तितकेच खरे. ते शेवटी पाहू.

आता आपली होडी पाहा. लाकडाची असो, पत्र्याची असो की फायबरची असो, लहान होडी बहुधा अरुंद आणि लांबट असते. पुष्कळ होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या, वाटाण्याच्या शेंगेसारख्या. हा आकार मुद्दाम ठेवलेला आहे. वल्हे मारणाऱ्याची ताकद थोडी, म्हणून पाणी कापत जाईल असा आकार जुन्या लोकांनी शोधला. पण शेंगेच्या टोकाला तुम्ही इंजिन कुठे अडकवणार? आणि अडकवलेच, तरी त्या निमुळत्या टोकाखाली वजन तोलून धरायला पाणीच थोडे असते. मागचे टोक खाली बसते, पुढची नाळ आभाळाकडे बघते, आणि वाऱ्याने होडी भलतीकडेच फिरते. इथूनच सगळा प्रश्न सुरू होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुराच्या वेळी आपल्याकडे गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतात, आणि जुन्या काळी वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधून पोहत जात. ही अडचणीच्या वेळची साधने झाली. काहिलीला किंवा ट्यूबच्या तराफ्याला इंजिन लावायचा विचार कुणी स्वप्नातही करू नये. गोल भांडे गरगर फिरणार, आणि त्याचा काठ इतका बुटका की पहिल्या लाटेलाच पाणी आत.

तर पहिला प्रश्न, इंजिन केवढे घ्यावे? आपल्या मनात असते, मोठे घेतले तर लवकर पोचू. पण पाणी हे रस्त्यासारखे नाही. होडी चालते तेव्हा ती आपलीच एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट होडीएवढी लांब होते, आणि मग होडी आपल्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. त्याच्या पुढे जोर लावाल तसे मागचे टोक आणखी खोल जाते, वेग मात्र जेमतेम वाढतो. या मर्यादेचा एक सोपा आडाखा आहे. होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचे वर्गमूळ काढा, आणि त्याला अडीचने गुणा. जो आकडा येईल तो तासाला साधारण तितके किलोमीटर. होडी १६ फूट असेल तर वर्गमूळ ४, वेग १०. होडी २५ फूट असेल तर वर्गमूळ ५, वेग साडेबारा. पाहा, लांबी नऊ फुटांनी वाढली आणि वेग अडीच किलोमीटरच वाढला. म्हणून १६ फुटी अरुंद होडीला दोन, फार तर तीन अश्वशक्ती पुष्कळ झाली. दहा अश्वशक्तीचे इंजिन लावून ती विमान होत नाही, बुडायला सोपी मात्र होते.

आणखी एक हिशेब बघा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. धडधाकट माणूस तासन्‌तास वल्हवत राहिला तर साधारण ७५ वॅट काम करतो, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. दोन अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे कागदावर वीस माणसे. पंख्यात निम्मी शक्ती वाया गेली असे धरले तरी दहा माणसांचा जोर उरतो. वल्हेकऱ्यांचा जोर होडीभर विभागलेला असतो. हा दहा जणांचा जोर, आणि वर इंजिनाची थरथर, सगळी एका फळीवर येते. ती फळी कशी असावी, हा आता मुख्य मुद्दा.

इंजिन बसवायच्या दोन रीती आहेत. एक बाजूला बसवायची, दुसरी मागे बसवायची.

पहिली रीत, दोन्ही टोके निमुळती असलेल्या होडीसाठी. यात होडी कापावी लागत नाही. मागे बसणाऱ्या माणसाच्या पाठीशी, हात मागे नेला की मूठ हातात येईल अशा जागी, होडीच्या दोन्ही काठांवर एक आडवा दांडा टाकायचा. चांगल्या मुरलेल्या सागवानाचा, चार इंच रुंद, दोन इंच जाड. बाभूळही मजबूत, पण जड पडते. हा दांडा काठाला नुसत्या खिळ्यांनी ठोकू नये. थरथरीने खिळे महिन्याभरात ढिले होतात. दोन्ही काठांना खालून पट्टी लावून, मधे काठ धरून, आरपार बोल्टने आवळावा. बोल्टाखाली मोठे वायसर घालावे, नाहीतर बोल्ट लाकडात रुतत जातो. दांड्याचे एक टोक काठाच्या बाहेर वीतभर काढायचे आणि त्याला दीड इंच जाडीची उभी फळी बोल्टने जोडायची. इंजिनाचे पकडीचे दोन स्क्रू या फळीला आवळायचे. फळी हलू नये म्हणून तिरपा टेकू द्यायचा.

या रीतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इंजिन डाव्या अंगाला असेल तर होडी आपोआप उजवीकडे वळू पाहते, कारण रेटा मधून येत नाही, एका बाजूने येतो. बैलजोडीतला डावा बैलच ओढू लागला तर गाडी कुठे जाईल, ते शेतकऱ्याला सांगायला नको. मूठ किंचित वळती धरून हे सांभाळावे लागते. दुसरे, एका बाजूला पंधरा किलोचे ओझे लटकले आहे. म्हणून सामान, डबा, जाळे दुसऱ्या बाजूला ठेवून होडी समतोल करावी. ही रीत दोन-अडीच अश्वशक्तीपर्यंतच ठीक. त्याहून मोठे इंजिन बाजूला लावणे म्हणजे संकटाला आवतण.

ज्यांना मालवण, वेंगुर्ल्याकडची माहिती असेल, त्यांनी तिथली उलांडी पाहिली असेल. होडीच्या एका बाजूला आडवे दांडे काढून त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारे एक लाकूड बांधतात. त्याने होडी कलंडत नाही. बाजूला इंजिन लावलेल्या अरुंद होडीला दुसऱ्या अंगाला असे तरंगते लाकूड दिले तर पुष्कळ आधार होतो. कोकणातली युक्ती देशावर आणायला हरकत काय?

दुसरी रीत, मागचे टोक कापून तिथे आडवी फळी बसवणे. हे काम घरी करू नये, जाणत्या होडीच्या सुताराकडूनच करून घ्यावे. मागचा निमुळता भाग जिथे फूट-सव्वा फूट रुंद होतो तिथे कापायचा, आणि तिथे दीड ते दोन इंच जाडीची भक्कम फळी बसवायची. पण फळी नुसती काठांना चिकटवली तर इंजिनाचा रेटा ती उपटून काढील. म्हणून आतून तिला तीन ठिकाणी गुडघे द्यायचे, म्हणजे काटकोनी आधार. दोन बाजूंच्या काठांना दोन, आणि तळाच्या मधल्या लाकडाला एक. हा तिसरा गुडघा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इंजिनाचा रेटा तळातून पुढे होडीभर पसरला पाहिजे. जवळच्या दोन बरगड्याही जाड कराव्यात. सांधे राळ-तेलाने किंवा आजच्या चांगल्या जलरोधक लुकणाने भरून घ्यावेत. फायबरच्या होडीत फळीवरून आत-बाहेर फायबरचे थर चढवावेत आणि बोल्टाची भोके नीट बुजवावीत. भोकातून पाणी आत गेले की आतली फळी कुजते, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

आता उंची. आउटबोर्ड इंजिने साधारण दोन लांबींची येतात. आखूड दांड्याच्या इंजिनाला फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत १५ इंच उंची लागते, लांब दांड्याच्या इंजिनाला २० इंच. इंजिन घेण्याआधी आपली होडी मोजा. इंजिन घेतल्यावर मोजणे म्हणजे नवरदेव मांडवात आल्यावर पत्रिका बघणे. इंजिनाच्या पंख्याच्या वर एक चपटी आडवी पाती असते. ती होडीच्या तळाच्या बरोबर, किंवा इंचभर खाली यावी. पंखा वर राहिला तर तो हवा ओढतो, नुसता घरघरतो, होडी पुढे जात नाही. फार खाली गेला तर पाण्याचा अडथळा वाढतो, आणि इंजिनाचे डोके लाटेत भिजते. फळी वरून किंचित मागे कललेली असावी, १२ ते १५ अंश. म्हणजे इंजिनाची खीळ योग्य खाचेत घालून, चालत्या होडीत दांडा पाण्यात उभा राहील असा जुळवता येतो.

फळी पंधरा इंचांवर कापली म्हणजे होडीचा मागचा काठ तेवढा बुटका झाला. भरलेली होडी सहा इंच पाण्यात बसली तर वर नऊच इंच राहिले. म्हणून त्या फळीच्या पुढे, आतल्या अंगाला, आणखी एक उंच आडभिंत घालावी. मागून लाट आलीच तर ती या दोन भिंतींच्या मधे अडेल आणि भोकावाटे परत बाहेर जाईल. आणि हे विसरू नका, जोरात चाललेली होडी एकदम थांबवली की तिचीच लाट मागून धावत येते आणि बुटक्या काठावरून आत शिरते. इंजिनाचा जोर हळूहळू कमी करावा.

यानंतर वजनाचा समतोल. गुरुजींनो, हा प्रयोग शाळेत करून दाखवा. परातीत पाणी घ्या, त्यात पत्र्याची किंवा कागदाची लांबट होडी सोडा. मधोमधपासून थोडे मागे दोन चिंचोके ठेवा, पुढचे टोक उचलले जाईल. आता एक चिंचोका पुढे अगदी टोकाजवळ ठेवा. दोन चिंचोक्यांचे काम एक चिंचोका बराचसा भरून काढतो की नाही? अंतर जास्त, म्हणून भार जास्त. जत्रेतल्या तराजूचे हेच तत्त्व. होडीत एकटा माणूस मागे बसला आणि इंजिनही मागे, तर सत्तर-ऐंशी किलो एका टोकाला झाले. म्हणून पेट्रोलचा डबा, नांगर, पाण्याची कळशी हे सगळे पुढे ठेवावे. कोणी पुढे बसायला नसेल तर वाळूची पिशवी ठेवू नये, ती होडीबरोबर बुडते. पाण्याने भरलेला, झाकण लावलेला कॅन ठेवावा. होडी उलटली तरी पाण्यात पाण्याचे वजन उरत नाही.

इंजिन, पकड, पेट्रोल आणि अवजारे मिळून तीस-पस्तीस किलो सहज होतात. म्हणजे जी होडी चार माणसांची, ती इंजिन लागल्यावर तीनच माणसांची. लोक नेमके उलटे करतात. इंजिन लागले म्हणून सहा माणसे बसवतात. इंजिनाने ओढायची ताकद वाढते, तरंगायची ताकद वाढत नाही. हे वाक्य होडीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवले तरी चालेल.

उजनीच्या पाण्याची एक वेगळी खोड आहे. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातले ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जाते, आणि आपण म्हणतो धरण वजा झाले. पळसदेवचे जुने देऊळ तेव्हा उघडे पडते, हे पुष्कळांनी पाहिले आहे. पण जी देवळे, घरांच्या भिंती, विहिरींचे काठ आणि झाडांची खोडे अजून वीतभर पाण्याखाली असतात, ती दिसत नाहीत. दिवाळीत ज्या वाटेने होडी निर्धास्त गेली, त्याच वाटेवर मे महिन्यात पंखा भिंतीला लागतो. इंजिन बनवणाऱ्यांनी याची सोय केलेली असते. पुष्कळ लहान इंजिनांच्या पंख्यात एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडाला आदळला की ती पिन तुटते आणि आतले दाते वाचतात. ही पिन तुटली तर तिथे खिळा ठोकून काम भागवू नका. पुढच्या दगडाला खिळा तुटणार नाही, इंजिनच तुटेल. दोन-चार जादा पिना, पक्कड आणि पाना डब्यात ठेवावा, आणि डबा होडीला बांधावा.

जाळे आणि जलपर्णी हे पंख्याचे दुसरे वैरी. पंख्यात गुंता झाला तर आधी इंजिन बंद करा, मग ते वर उचला, मग हात घाला. ही तीन कामे याच क्रमाने. थायलंडमध्ये उथळ पाण्यासाठी इंजिन होडीत ठेवून त्याला लांबलचक दांडा जोडतात आणि टोकाला पंखा लावतात. अडथळा दिसला की दांडाच उचलायचा. आपल्या उथळ फुगवट्यातही ती रीत उपयोगी पडेल अशी आहे. पण उघडा फिरणारा दांडा माणसांच्या गर्दीत धोक्याचा, म्हणून ती उतारूंच्या होडीला नको.

पुष्कळ इंजिने तळ्याचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतात. इंजिन चालू असताना बाजूने पाण्याची बारीक धार पडते. ती धार बंद झाली की समजा, चिखल अडकला. लगेच इंजिन बंद करा, नाहीतर ते तापून जागीच धरते.

आता पेट्रोल. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळावे लागते. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात पाहावे. पन्नासास एक असे लिहिले असेल तर पाच लिटरला शंभर मिलिलिटर. फोर-स्ट्रोक असेल तर मिसळायचे नाही, त्याचे ऑइल वेगळे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून पेट्रोल शक्यतो काठावरच भरावे, आणि भरताना बिडी-काडी लांब ठेवावी. दोन अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण एक लिटर खाते. निघताना हिशेब असा करावा: एक हिस्सा जायला, एक हिस्सा यायला, आणि एक हिस्सा वाऱ्यासाठी राखून.

बॅटरीवर चालणारी लहान इंजिनेही आता मिळतात. आवाज नाही, धूर नाही. पण हिशेब नीट करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० उरले. इंजिन ३६० वॅट ओढत असेल तर शंभर मिनिटे चालेल. काठाजवळच्या जाळ्यांना पुरे, पैलतीर गाठून परत यायला अपुरे पडू शकते. आणि अशा बॅटरीचे वजन पंचवीस-तीस किलो असते. एक सोय मात्र आहे. ती होडीच्या मधोमध, तळाशी ठेवता येते, मागच्या टोकावर भार येत नाही.

श्रोते हो, आता जरा गंभीर होऊन ऐका. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्यांत दोन लहान लेकरे होती. एकजण पोहून काठाला लागला. त्या घरांचे दुःख शब्दांत सांगता येणार नाही. पण आपण त्यातून शिकलो नाही तर आपणच अपराधी. आपल्याकडे वैशाखात दुपारनंतर ढग भरून येतात, आणि पावसाआधी वारा असा सुटतो की घरावरचे पत्रे उडतात. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. अशा वेळी इंजिनाचा भरवसा माणसाला भलतेच धाडस देतो. वल्हे हातात असते तर तो आभाळ पाहून थांबला असता. इंजिन आहे म्हणून तो म्हणतो, "दहा मिनिटांत पोचतो की!" ही दहा मिनिटेच घात करतात. आभाळ काळवंडले की होडी काठालाच बरी. वाटेत वारा गाठलाच, तर लाटेला आडवे होऊ नका. नाळ लाटेकडे ठेवा, इंजिन हळू चालवा, सगळ्यांना तळाशी बसवा. उभे कुणीही राहू नये.

बुडणाऱ्या होडीची सोय आधीच करायची असते. लाकडी होडी एकटी असती तर पाणी भरूनही तरंगली असती. लोखंडाचे इंजिन तिला खाली ओढते. पत्र्याची होडी तर बुडणारच. त्यासाठी झाकण घट्ट असलेले रिकामे कॅन बसण्याच्या फळ्यांखाली पक्के बांधावेत. वीस लिटरचा कॅन पाण्याखाली गेला की वीस किलो पाणी बाजूला सारतो. त्याचे स्वतःचे वजन किलोभर वजा केले, तरी तो एकोणीस किलो उचलून धरतो. असे चार कॅन, दोन या अंगाला दोन त्या अंगाला, म्हणजे पाऊणशे किलोंची तरंग. उलटलेल्या होडीला धरून राहता आले तर मदत येईपर्यंत जीव वाचतो.

जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे, फळीखाली नव्हे. लेकरांना त्यांच्या मापाचे हवे. इंजिन चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी बांधलेली असावी. तो पाण्यात पडला की कळ निसटते आणि इंजिन थांबते, नाहीतर तीच होडी फिरून त्याच्या अंगावर येते. इंजिनही एका मजबूत दोराने होडीला बांधून ठेवावे, स्क्रू ढिले झाले तर ते तळाला जाऊ नये म्हणून. वल्ही मात्र घरी ठेवू नका. इंजिन हा पाहुणा, वल्हे हा घरचा माणूस. पाहुणा रुसला की घरचाच उपयोगी पडतो.

कायद्याचे एक बोलून ठेवतो. होडीला इंजिन लागले की कायद्याच्या नजरेत ती यंत्राने चालणारी नौका होते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तिची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. उतारू घेणाऱ्याने तर हे टाळूच नये. कुणी म्हणेल, कागदांची कटकट. पण तपासणारा माणूस किती माणसे बसवायची तो आकडा ठरवून देतो, आणि तो आकडा आपल्याच लेकरांसाठी असतो.

शेवटी खर्चाचा विचार. रोज काठाजवळच दोन-चार जाळी टाकणाऱ्याने कर्ज काढून इंजिन घेऊ नये. त्याची कमाई पेट्रोल पिऊन जाईल. ज्याची जाळी लांब आहेत, किंवा चार-पाच जणांना मिळून एक इंजिन घेता येते, त्याने जरूर घ्यावे. महिन्याचे लिटर मोजा, तुमच्या पंपावरच्या भावाने गुणा, त्यात दुरुस्ती धरा, आणि त्याच्यासमोर वाचलेल्या वेळात जास्त किती मासळी येईल ते लिहा. मुलाला शेजारी बसवून हा हिशेब वहीत मांडला तर त्याचे गणितही पक्के होईल, आणि तुमचा निर्णयही.

आणि इंजिन बसवलेच, तर पहिल्या दिवशी लगेच पैलतीर गाठू नका. शांत सकाळी, कमरेएवढ्या पाण्यात, दुसरी होडी जवळ ठेवून, हळू चालवून पाहा. परत आल्यावर प्रत्येक बोल्ट हाताने तपासा. आठवडाभर असे करा. होडी तुमच्याशी बोलू लागेल. कुठे सांधा करकरतो, कुठे पाणी झिरपते, मागचे टोक किती बसते, ते ती स्वतःच सांगेल. ऐकण्याची तयारी मात्र हवी.

पाणी आपल्या जिल्ह्यात उशिरा आले. त्याची भाषा आपल्याला अजून पुरती यायची आहे. ती शिकताना घाई नको.